शेवटचा आकडा

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि पहिल्याच तासाला उशिरा पोचले. तास आमच्या स्वयंपाकघरातच होता, ओट्यासमोरच्या भिंतीवरल्या पडद्यावर. पण घरात बसून शिकायचं असलं तरी माणसानं नीट दिसावं असं माझं मत आहे, म्हणून मी साडी बदलायला गेले आणि नेमक्या त्याच दिवशी निऱ्या जमेनात. परत आले तर भिंतीवर माझ्या मार्गदर्शक मॅडम वाट बघत होत्या. त्यांना पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, तू?"

ती प्रणोती गुरव होती. एकोणीस वर्षांपूर्वी करंबळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला माझ्यासमोर बसायची. आता ती डॉक्टर प्रणोती गुरव झाली होती, कोल्हापूरच्या डिजिटल अध्ययन संस्थेत प्राध्यापक. मी मात्र त्याच शाळेत, त्याच वर्गात, तेच गणित शिकवत होते. मी तिला मॅडम म्हटलं की ती लाजून लाल व्हायची आणि ती मला बाई म्हणाली की मला तिची वही तपासावीशी वाटायची. शेवटी आम्ही तोडगा काढला. अभ्यासाचं बोलताना ती मॅडम, बाकी वेळी मी बाई.

पदव्युत्तर पदवीसाठी मी याआधी दोनदा अर्ज भरला होता आणि दोनदा मागे घेतला होता. एकदा मुलीच्या बाळंतपणामुळे, एकदा सासूबाईंच्या आजारपणामुळे. दोन्ही वेळा कोणी अडवलं नव्हतं, मीच शहाण्यासारखी थांबले होते. दोन हजार एकेचाळीस साली तिसरा अर्ज मी कोणालाही न विचारता भरला. आमच्या ह्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले की तुला काळा झगा घालून फोटोच काढायचा असेल तर तसाच काढू, दोन वर्षं कशाला घालवतेस. मी त्यांना सांगितलं की दोन वर्षं संध्याकाळची भाजी तुम्ही करायची आहे. त्यानंतर ते झग्याबद्दल काही बोलले नाहीत.

अभ्यासक्रमाबरोबर एक लेखणी आली. तिच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिनं घातला. कागदोपत्री तिचं नाव बोधलेखणी. दिसायला साधं जाडसर पेन, टोकाशी मसुराएवढा कॅमेरा, आत हाताची हालचाल टिपणारी चकती आणि शेंड्याला हिरवा दिवा. माणूस सलग लिहीत नाही. तो थांबतो, पुढे जातो, पुन्हा थांबतो, आणि तो कुठे थांबतो यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते बरंचसं कळतं. गुणाकारात हातचा घ्यायच्या जागी मूल अर्धा सेकंद थांबलं तर ठीक. सहा सेकंद थांबलं तर त्याला हातचा कळलेला नाही. कुठेच थांबलं नाही तर उत्तर शेजारच्याचं आहे. लाखो मुलांचं लिखाण अभ्यासून लेखणीनं असे ठोकताळे बसवले होते, आणि त्यावरून ती प्रत्येकाला शंभरपैकी बोधांक द्यायची. उत्तर पुरं आणि बरोबर झालं की शेंड्याचा दिवा लागायचा, पण वाटेत अडखळलात तर दिवा लागूनही बोधांक कमीच.

मला ही कल्पना फार आवडली होती, हे कबूल केलं पाहिजे. मी सत्तावीस वर्षं वह्यांचे गठ्ठे तपासलेत. उत्तर चुकलं हे वही सांगते, पण पोर कुठल्या वळणावर घसरलं ते सांगत नाही. ते शोधायला त्याच्याशेजारी बसावं लागतं, आणि एका बाईनं किती जणांशेजारी बसायचं? इथे प्रत्येक पोराच्या बोटांतच कोणीतरी बसलं होतं.

अर्थात ती माझ्याही बोटांत बसली होती. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला अडतीस बोधांक मिळाला. प्रणोती अवघडून म्हणाली, "बाई, तुम्ही वर्गमुळापाशी चौदा सेकंद थांबलात." मी तिला सांगितलं की वर्गमुळाचा संबंध नाही, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. ती खूप हसली, मीही हसले, आणि पुढच्या चाचणीला मी कुकर लावला नाही. त्या चौदा सेकंदांचा आणखी विचार करायला हवा होता, पण तेव्हा तो कोणालाच सुचला नाही.

पहिलं वर्ष असं मजेत गेलं. शाळेतून यायचं, चहा घ्यायचा आणि पाचच्या ठोक्याला भिंतीसमोर बसायचं. माझ्याबरोबर शिकणारे चाळीस जण निम्म्या वयाचे होते आणि मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागायची. त्याचं वाईट वाटत नव्हतं. नवीन काही कळलं की मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना घाईघाईनं चालायचे, इतकी ते कोणाला तरी सांगायची हौस असायची.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प होता. आपल्याच वर्गाला लेखण्या द्यायच्या, पाच महिने नोंदी घ्यायच्या आणि त्यांवरून वर्गाचा बोधांक वाढवून दाखवायचा. माझ्या सातवीत अठरा मुलं. लेखण्या आल्या त्या दिवशी वर्गात नुसती जत्रा होती. आठवड्याभरात पोरांनी त्यांना 'चुगली' असं नाव ठेवलं, कारण ती बाईंना सगळं सांगते. "बाई, माझी चुगली चार्ज न्हाई," असं रोज कोणीतरी म्हणायचं.

महिनाअखेर अहवाल आला. वर्गाचा बोधांक एक्केचाळीस. नुसता आकडा कमी असता तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्याच वर्षी नियम निघाला होता की पन्नासच्या खाली बोधांक असलेल्या मुलांना जूनपासून वर्षभर तालुक्याच्या पूरक केंद्रात न्यायचं. सकाळी बस येणार, संध्याकाळी सोडणार, शाळेचा वर्ग वेगळा, मित्र वेगळे. माझ्या अठरांपैकी अकरा मुलं यादीत होती.

यादी वाचली आणि मी चक्रावले. शेवटी ईश्वरी सुतार असणार हे मला माहीत होतं. ईश्वरीला गणित जड जातं. ती घाबरते, आणि घाबरली की सात गुणिले आठही विसरते. तिचा बोधांक होता एकतीस. पण तिच्याही खाली, सगळ्यांत तळाला, नफिसा मुजावर होती. बावीस. ही नफिसा फळ्यावर मी गणित लिहून पुरं करायच्या आत उत्तर ओठांत धरून बसणारी पोर. तिच्या वर वर्गातली बाकीची तरबेज मुलं एकामागून एक. मधली सात मुलं मात्र पन्नासच्या वर सुखरूप.

आता मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी यंत्रावर विश्वास ठेवला. आठ दिवस मी स्वतःला खात होते की सत्तावीस वर्षं मी पोरांकडून नुसतं घोकून घेतलं, नफिसाला काही कळतच नसणार, आणि मला ते दिसलं नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहिलं होतं. गुणाकार ठीक, पण बेरजेच्या शेवटच्या पायरीवर दीर्घ अडखळ, बेरीज समजलेली नाही. सातवीतल्या मुलीला बेरीज समजत नाही म्हणे.

नवव्या दिवशी मी अहवाल मिटला आणि नफिसाच्या बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसले. फळ्यावर एक गुणाकार होता. तिनं तो भराभरा सोडवला, बेरजेचे चार आकडे उजवीकडून डावीकडे मांडले आणि पाचव्या आकड्याच्या जागेवर लेखणी अधांतरी धरून थांबली. मी वाट बघितली. ती शांत होती, आणि तिची नजर पलीकडे ईश्वरीच्या कागदावर होती. मी हळूच विचारलं की का थांबलीस.

"ईश्वरीचं व्हायचंय अजून," ती कुजबुजली. "मी शेवटचा आकडा लिवला की माझा दिवा लागतोय. मग ती घाबरती."

मी मान वर करून वर्गाकडे पाहिलं. जिकडेतिकडे लेखण्या अधांतरी. पुढच्या बाकावरचा पोरगा मागच्याकडे बघत होता, तो खिडकीतल्याकडे. ईश्वरीनं तोंडात जीभ धरून शेवटची बेरीज केली, नफिसानं डोळ्यांनी खूण केली आणि वर्गातले अठराच्या अठरा हिरवे दिवे एकदम लागले. हा खेळ रोज चालायचा. मी तो फळ्याशी उभी राहून महिनाभर बघत होते आणि मनात म्हणत होते, काय छान एकदम लागतात.

आणि तो खेळ माझाच होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा गणित झालं की "झालं बाई" असं ओरडायचा, आणि ते ऐकून बाकीची पोरं पेन्सिली खाली ठेवायची. तेव्हा मी नियम केला होता. ज्याचं झालं त्यानं पाटी गुपचूप पालथी घालायची, शेजाऱ्याला वेळ द्यायचा आणि हात जोडीनंच वर करायचा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्गात हा नियम आहे. आता लेखणीचा दिवा काही पालथा घालता येत नव्हता. म्हणून पोरांनी आपल्या अकलेनं वाट काढली होती, शेवटचा आकडा राखून ठेवायची. जो जितका हुशार, तो तितका जास्त वेळ थांबायचा, आणि लेखणी त्याला तितका जास्त ढ ठरवायची.

हे कळल्यावर मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, दुपारपर्यंत. मग मला सोपा उपाय सुचला. पोरांना नुसतं सांगायचं की थांबू नका. मी तसं सांगितलं. म्हटलं, ही परीक्षेची लेखणी आहे, इथे आपला पाटीचा नियम नाही, ज्याचं झालं त्यानं लिहून मोकळं व्हायचं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मानली माझी आज्ञा.

तीन आठवड्यांत वर्गाचा बोधांक एक्केचाळीसवरून त्रेसष्टवर गेला. संस्थेकडून अभिनंदनाचं पत्र आलं. यादीत आता दोनच नावं उरली, ईश्वरी आणि आणखी एक मुलगा. ह्यांनी माझ्यासाठी झग्याचं माप घ्यायची तयारी दाखवली.

वर्गात मात्र सगळं बदललं. दिवे आता एकेक लागायचे. पहिला नफिसाचा, मग दुसरा, तिसरा, आणि प्रत्येक दिव्याला ईश्वरीची मान थोडी खाली जायची. पोरं कागदावर हाताचा आडोसा करून लिहायला लागली. ईश्वरीचा बोधांक एकतिसावरून चोवीस झाला, चोवीसवरून एकोणीस. मग तिचं पोट दुखायला लागलं, ते बरोबर गणिताच्या तासाला. चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी नफिसानं आपली लेखणी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"बाई, मी पाटीवरच करतो," ती म्हणाली. "चुगली नगं."

तिच्या आवाजात राग असता तर मी दोन शब्द सुनावले असते. पण ती माझी समजूत काढत होती. मला स्वतःची इतकी चीड आली की मी तास तसाच सोडला, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन पोरांना सांगितलं की बाई चुकल्या. आजपासून आपला नियम पुन्हा सुरू. मग मधल्या सुट्टीत चालत ईश्वरीच्या घरी गेले आणि तिला घेऊन आले.

त्या संध्याकाळी मी प्रणोतीला सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, मॅडम म्हणून बोलू की प्रणोती म्हणून? मी म्हटलं आधी मॅडम म्हणून बोल. मॅडमचं म्हणणं असं की तोंडी परीक्षा पाच आठवड्यांवर आहे. बोधांक पुन्हा एक्केचाळीसवर आला तर प्रकल्प नापास आणि पदवी हातची गेली. शिवाय यादी पुन्हा अकराची होणार. पदवीचं ऐकून वाईट वाटलं, पण ते मी गिळलं असतं. अकरा पोरांचं कसं गिळणार? मी थांबू नका म्हटलं तर ईश्वरी जाते, थांबा म्हटलं तर नफिसासकट अकरा जातात.

"आता प्रणोती म्हणून बोल," मी म्हटलं.

"बाई, तुमच्या वर्गात थांबणं आणि अडणं हे तुम्ही कशावरून ओळखता?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं. हातावरून, मी सांगितलं. ज्याला येत नाही ते पोर पेन आवळून धरतं, बोटांची पेरं पांढरी पडतात. ज्याचं झालंय त्याची मूठ सैल असते. सत्तावीस वर्षं मी चेहऱ्यांपेक्षा हातच जास्त बघितलेत, चेहरे फसवतात. प्रणोती एकदम खुर्चीतून उठली. भिंतीवर मला नुसती तिची रिकामी खुर्ची दिसायला लागली आणि आवाज यायला लागला की बाई, लेखणीच्या दांड्यात दाब मोजणारी पट्टी आहे.

ती होती लहान मुलांसाठी. पहिली-दुसरीतलं पोर पेन नीट धरतंय का एवढं बघायला ती पट्टी बसवली होती, आणि तिसरीनंतर ती आकडेवारी कोणी उघडून बघत नव्हतं. मेंदूवर ताण आला की हाताचे स्नायू नकळत आवळतात आणि बोटांना अगदी बारीक कंप सुटतो, डोळ्याला न दिसणारा. लेखणी हे सगळं दर क्षणाला टिपून ठेवत होती. ती फक्त सेकंद मोजून निकाल देत होती, कारण तिला दुसरं काही विचारलंच नव्हतं.

पुढचे पाच शनिवार माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. प्रणोती सकाळच्या शाळेला कोल्हापूरहून यायची आणि आपल्या जुन्या बाकावर, गुडघे दुमडून, पोरांच्या शेजारी बसायची. पोरं गणितं सोडवायची. कोणी थांबलं की मी त्याला विचारायचे, अडलायस की थांबलायस? पोरं खरं सांगायची आणि प्रणोती नोंद करायची. दुपारी आम्ही दोघी तिच्या आईनं दिलेल्या भाकऱ्या खात आलेख काढायचो. दोनशे बारा थांबे आम्ही तपासले. त्यांतले एकशे सत्त्याण्णव दाबाच्या रेषेवरून बिनचूक ओळखता आले. नवा हिशेब लावला तर यादीत दोनच नावं राहत होती. आणि ईश्वरीची रेषा आठवड्यागणिक सैल होत चालली होती, हे आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं आणि शाळेच्या ओसरीवर मोठमोठ्यानं हसलो.

तोंडी परीक्षेला तिघे परीक्षक होते. मुख्य इनामदार सर, सत्तरीचे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एक प्राध्यापिका आणि एक प्राध्यापक. बोधांकाची यादी ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही इनामदार सरच होते, त्यामुळे माझी पदवी आणि माझी पोरं दोन्ही त्यांच्याच टेबलावर होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे शंका काढली. मुलं फक्त अठरा. शिवाय अडलं की थांबलं हे मुलांनीच सांगायचं, आणि मुलं बाईंना खूश करायला काहीही सांगतात. शंका रास्त होती. प्रणोतीनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मग सर, मुलं बाजूला ठेवू. आपण मोठी माणसंच करून बघू."

मी पिशवीतून पाच लेखण्या काढल्या. तीन परीक्षकांना दिल्या, एक प्रणोतीला, एक मी घेतली. गणित दिलं, चारशे त्र्याऐंशी गुणिले शहात्तर. उत्तर आलं की दिवा लागेल एवढंच सांगितलं. यात माझा डाव होता. कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी कप उचलल्याशिवाय कोणी चहा घेत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

इनामदार सर प्रत्येक आकडा कोरून काढत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंचे प्राध्यापक केव्हाच शेवटापाशी पोचले होते, पण दोघांच्याही लेखण्या अधांतरी, आणि नजरा सरांच्या कागदावर. सरांचा दिवा लागला. लगेच त्या दोघांचेही लागले. खोलीतल्या पडद्यावर त्या दोघांच्या नावापुढे उमटलं, बेरीज समजलेली नाही, पूरक मदतीची शिफारस. प्राध्यापिका बाई खळखळून हसल्या.

सर हसले नाहीत. ते म्हणाले, हा मान झाला, आणि मान दिसायला लेखणी लागत नाही. खोलीत सगळे माहीतगार आहेत. खरोखर अडलेला माणूस इथे कोणी नाही, मग फरक कशाशी ताडायचा?

त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडत होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. कारण माझा दिवा लागला नव्हता. डाव बघायच्या नादात माझं स्वतःच्या कागदावरून ध्यान उडालं होतं, आणि उत्तर चुकलं होतं. मी परत वरपासून बघितलं. काही सापडेना. कपाळाला घाम आला. परीक्षक माझ्याकडे बघताहेत हे कळत होतं, आणि ते कळल्यामुळे सहा चोक किती हेसुद्धा आठवेना. मग दिसलं. सहानं गुणताना चाराचा हातचा मिळवायचा राहिला होता. सत्तावीस वर्षं हातचे शिकवणारी बाई हातचा विसरली होती. मी आकडा खोडला, पुन्हा बेरीज केली, सरतेशेवटी तीन लिहिला आणि दिवा लागला.

माझ्या शेजारी त्याच क्षणी आणखी एक दिवा लागला. प्रणोतीचा. तो इतका वेळ बंद होता हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

इनामदार सर उठून पडद्याजवळ गेले. माझा थांबा सदतीस सेकंदांचा होता, तिचा एक्केचाळीस. दोघींपुढे लेखणीनं एकच शेरा मारला होता. सरांनी स्वतः दाबाच्या रेषा उघडल्या. माझी रेषा काटेरी कुंपणासारखी, वरखाली, थरथरत. तिची सपाट. सरांनी तिचा कागद उचलून पाहिला. चार आकडे लिहून झाले होते आणि पाचव्याच्या जागी ताजी शाई होती.

"आमचं तर झालं होतं," ते तिला म्हणाले. "मग तुम्ही कोणासाठी थांबला होतात?"

प्रणोतीनं खाली बघितलं. एवढ्या मोठ्या संस्थेतली प्राध्यापक, पण सातवीतल्यासारखी दिसली. "सवय आहे, सर," ती म्हणाली. "बाईंनीच लावलेली."

मला रडू आलं, आणि तोंडी परीक्षेत रडणं बरं दिसत नाही म्हणून मी पाणी प्यायले. सर पडद्याजवळून परत आले. मग त्यांनी खुर्चीत बसून लिहायला घेतलं. दाबाची नोंद धरल्याशिवाय यादी लागू करू नये, आणि ज्यांना खरंच मदत हवी त्यांनाही ती त्यांच्याच वर्गात देऊन बघावी, अशी शिफारस त्यांनी तिथल्या तिथे लिहिली. माझ्या पदवीच्या कागदावर सही करताना मात्र ते मिश्कीलपणे म्हणाले की पहिला वर्ग देतो आहे, पण हातच्यांचा सराव करा.

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. बस येणार नाही म्हटल्यावर पोरांनी बाक वाजवून घेतले. मग मी हातचा विसरल्याचं सांगितलं आणि वर्गाची हसून हसून मुरकुंडी वळली. नफिसा तर बाकावर डोकं टेकून हसत होती. पुढे काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की सगळ्यांचे दिवे लागले होते, माझा एकटीचाच राहिला होता, आणि एक जण आपला आकडा राखून माझ्यासाठी थांबली होती.

पोरं पुन्हा गलका करायला लागली. ईश्वरी तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती, एखाद्या जाणत्या माणसानं नवख्याकडे बघावं तशी. मग गलका जरा ओसरल्यावर तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "बरं वाटतंय न्हवं बाई, कुणी थांबलं की?"

सत्तावीस वर्षं हा नियम मी लावत आले होते, आणि त्या टोकाला मी एकदाही बसले नव्हते. ईश्वरी रोज तिथे बसत होती.

"लई बरं वाटतंय," मी म्हटलं.